हौश्याचं तेल आणि आत्याबाईंचा तवा

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला भाकरीच्या तव्यावर ट्रॅक्टरचं तेल टाकताना पकडलं, तेव्हा नवरात्राची सातवी माळ होती.

“अगं बया! काय चाललंय हे?”

माझ्या हातात चमचा, चमच्यात काळपट तेल, चुलीवर तवा तापून धुरावलेला आणि पलीकडच्या खोलीत घट बसलेले. लग्नाला पाच महिने झाले होते. मनात म्हटलं, वैजू, आटोपलं तुझं. आता पिशवी भर आणि माहेरची, येवल्याची एसटी पकड.

“आत्याबाई, एकच थेंब टाकते. मग तवा घासून...”

“नऊ दिवस मी पायात चप्पल घालत नाही, गादीवर पाठ टेकत नाही, आणि तू माझ्या तव्यावर ही घाण ओततीस?”

तेवढ्यात थेंब पडला. चमचा कलला म्हणून पडला, मी टाकला नाही. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगते. थेंब तव्याला लागला आणि तडतड तडतड करत चहूकडं उडाला. सासूबाई बोलता बोलता थांबल्या. मान तिरपी करून तव्याकडं बघायला लागल्या.

आता मी तेल तव्यावर का नेलं, त्यासाठी आमच्या गावचा दसरा सांगावा लागेल.

आमचं निंबारे द्राक्षांचं गाव. बागेच्या दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर जात नाही, म्हणून गावात सात घरांकडं मिनी ट्रॅक्टर. गावची देवी डोंगराई. दसऱ्याला ती सीमोल्लंघनाला निघते ती ओढ्यापलीकडच्या आपट्याकडं, आणि ती वाट बागांमधून, अगदी चिंचोळी. झाडाची पहिली पानं गुरवानंच तोडून देवीला वाहायची, असा रिवाज. पण गुरव नामाबुवांचे गुडघे गेले. पायरी चढवेना, तर फांदीला हात कुठून पोचणार? मग कुणीतरी शक्कल काढली. मिनी ट्रॅक्टरच्या मागं जी लिफ्ट असते, नांगर नाहीतर औषध फवारायचा ब्लोअर उचलणारी, तिला फळ्यांचा मंच जोडायचा. त्यावर देवीचा मुखवटा आणि शेजारी बुवा. झाडाखाली गेलं की लिव्हर ओढायचा, दोघं वर. पाच आरत्या होईस्तोवर मंच वर राहिला पाहिजे. सात ट्रॅक्टर, सात घरं, दर वर्षी एका घराचा मान.

आदल्या वर्षी मान होता भिकाजी गांगुर्ड्यांचा. तिसऱ्या आरतीला त्यांची लिफ्ट बसायला लागली. बुवा डोळे मिटून, टाळ वाजवत, तालात खाली येतायत! चौथी आरती त्यांनी जमिनीला टेकून म्हटली. त्या दिवसापासून गावानं गांगुर्ड्यांचं आडनाव बदललं. उतरते. भिकाजी उतरते. पोस्टमनसुद्धा “उतरत्यांचं घर कुठलं?” असं विचारत यायचा.

आणि त्या वर्षी मान आमचा होता.

माझे सासरे तात्या पिंगळ ट्रॅक्टर घेतल्यापासून या दसऱ्याची वाट बघत होते. शेवटचा बैल हौश्या गेला, त्याच्या जागी हा ट्रॅक्टर आला, म्हणून ट्रॅक्टरही हौश्याच. दर शनिवारी त्याची आंघोळ. फवारणीच्या पंपाची गन घ्यायची आणि बैलाला धुवावं तसं खालून, मागून, सांध्यासांध्यात पाणी मारायचं. मग स्वतःच्या जुन्या धोतरानं पुसायचं, हळदकुंकू लावायचं, पाठीवर थाप मारायची. मला तर वाटायचं, एखाद्या शनिवारी पेंडही पुढं करतील.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी हौश्या बिघडला. लिफ्ट गचके देत वर जायची आणि वर गेली की हळूहळू बसायची. तात्यांची झोप उडाली. ताटावर बसायचे, भाकरी मोडायचे, आणि तशीच ठेवून उठायचे. “लोकं आपल्याला काय नाव ठेवतील गं?” असं त्यांनी आत्याबाईंना विचारलेलं मी माजघरातून ऐकलं. त्या माणसाचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मला भरून आलं. मिस्त्रीला फोन केला तर छाटणीचे दिवस, त्याच्याकडं ट्रॅक्टरांची रांग. म्हणाला, दसऱ्यानंतर बघू.

भिकाजीकाका मात्र स्वतः आले, डबा घेऊन. “तात्या, तेल पातळ झालंय तुझं. हे घाल, एकशेचाळीस नंबर. मधासारखं जाड आहे. जोर येतो.”

माझ्या जिभेवर आलं होतं की काका, हेच तुम्ही गेल्या वर्षी घातलं होतंत ना? पण मी जीभ चावली. कारण माझ्या आईला मी शब्द दिला होता.

माझ्या वडिलांचं येवल्याला हमरस्त्यावर गॅरेज. मुलगा नाही, मी एकटी. सातवीत असल्यापासून मी ट्रॅक्टरखाली झोपून नट सोडवायचे. तेल बोटावर घेऊन, वास घेऊन सांगायचे, जळलंय का, भेसळ आहे का. त्या नादात दोन स्थळं गेली. पहिल्या पाहुण्यांनी चहाचा कप घेताना नखं बघितली आणि उठले. दुसऱ्यांनी तेवढाही चहा घेतला नाही. म्हणून पिंगळांची मंडळी यायची म्हटल्यावर आईनं पंधरा दिवस माझी नखं लिंबानं घासली. “मुलीला स्वयंपाक येतो, शिवण येतं,” एवढंच सांगितलं. निघताना गळ्यात पडून म्हणाली, “तिथं यंत्राला हात लावू नको गं. परत पाठवतील.”

पाच महिने मी शिवण शिवलं. मला शिवणाचा मनापासून कंटाळा आहे.

पण सातव्या माळेला सकाळी तात्या डबा उघडायला निघाले आणि मला राहवेना. डबा उघडण्याआधी ते देवळात नमस्काराला गेले, तसं मी तेल मोजायची पट्टी ओढून बघितली. तेल गढूळ. दूध जास्त झालेल्या चहासारखं. आणि टाकीवर जिथून हवा आतबाहेर जाते, त्या तोंडाचं झाकण गायब. तिथं दाणे काढलेलं मक्याचं कणीस ठोकून बसवलेलं. मी कपाळाला हात लावला. पण नुसतं मी म्हणून कोण ऐकणार? वडिलांची एक खात्रीची पद्धत होती, तापल्या पत्र्यावर थेंब टाकायचा. पत्रा मिळाला नाही. तवा मिळाला.

तर आता परत स्वयंपाकघरात. आत्याबाई तव्याकडं बघतायत, मी आत्याबाईंकडं.

“परत टाक,” त्या म्हणाल्या.

“अं?”

“परत टाक म्हणते ना.”

मी दुसरा थेंब टाकला. तडतड तडतड.

“पाणी आहे यात,” आत्याबाई म्हणाल्या. “भजी तळताना ओला हात लागला की कढई अशीच बोलते. चाळीस वर्षं ऐकतेय मी. कुठलं तेल आहे हे?”

“आपल्या हौश्याचं.”

त्यांनी दारातून हाक मारली ती देवळापर्यंत गेली असेल. “अहो! या इकडं! तुमच्या बैलाच्या पोटात पाणी झालंय!”

तात्या धावत आले. मागून आमचे हे, म्हणजे सुदाम, आणि त्यांच्या मागून भिकाजीकाका, कारण काका कुठलीही हाक चुकवत नसत. चूल, तवा, चार माणसं आणि मी. तिसरा थेंब आत्याबाईंनी स्वतः टाकला.

“पाणी कुठनं येईल?” तात्या म्हणाले. “बंद टाकी आहे.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आता खरं सांगितलं तर मी गेले, आणि नाही सांगितलं तर तात्या गेले. एका बाजूला आईचे डोळे दिसत होते, दुसऱ्या बाजूला त्या न खाल्लेल्या भाकऱ्या.

“तुम्हीच घालता, तात्या,” मी म्हणून टाकलं. “दर शनिवारी. ते कणीस पाणी पितं आणि आत सोडतं. तेलात पाणी मिसळलं की लिफ्टला जोर मिळत नाही. त्यावर हे जाड तेल ओतलंत तर दसऱ्याला बुवा दुसऱ्याच आरतीला खाली येतील.”

भिकाजीकाकांनी दाराशी ठेवलेला आपला डबा हळूच पाठीमागं घेतला.

“तुला गं काय माहीत?” आत्याबाई म्हणाल्या.

मग मी सगळं सांगितलं. गॅरेज, नट, दोन स्थळं, लिंबू. सांगताना रडायला यायला लागलं, तर मेला तो तवा अजून धुरावत होता, त्यामुळं कशानं रडतेय ते मलाच कळेना.

“तरीच!” आत्याबाई म्हणाल्या. “बघायला आलो तेव्हा तुझ्या हाताला लिंबाचा वास येत होता. मी ह्यांना म्हटलं, पोरगी लोणचं झकास घालत असणार.”

“मला लोणचं येत नाही, आत्याबाई.”

“ते कळलं मला जूनमध्येच.” त्यांनी चिमट्यानं तवा उचलला, मागच्या दारानं नेला आणि गोठ्याच्या भिंतीला ठेवून दिला. “बाटला हा. पुन्हा चुलीवर चढणार नाही.” मला वाटलं, तव्यानंतर आता माझा नंबर. पण त्या पदराला हात पुसत आल्या आणि एवढंच म्हणाल्या, “दुरुस्त करता येतं का तुला? हो की नाही सांग.”

“हो.”

“मग उभी काय राहिलीस?”

तात्यांनी देवघरातून लाल फडक्यात बांधलेलं एक पुस्तक आणलं. ट्रॅक्टरबरोबर आलेलं माहितीपुस्तक! घरी आलं त्या दिवसापासून देवीपाशी ठेवलेलं, दर दसऱ्याला हळदकुंकू वाहिलेलं, आणि एकदाही न उघडलेलं. पानं कुंकवानं चिकटली होती. मी सुरीनं हळूच सोडवली. हिंदीत स्वच्छ लिहिलं होतं, गिअर, ब्रेक आणि लिफ्ट तिन्हीचं तेल एकच, अमुकच प्रकारचं, त्यात दुसरं मिसळू नये. धुताना हवेच्या झाकणावर पाणी मारू नये. तेल दुधाळ दिसलं तर सगळं बदलावं.

तात्यांनी ते दोनदा वाचून घेतलं. मग पोथीला करावा तसा पुस्तकाला नमस्कार केला आणि त्यालाच म्हणाले, “बाई, इतकी वर्षं तू सांगत होतीस आणि मी नुसती फुलं वाहत होतो.”

अष्टमीला मी यांची जुनी पँट घालून हौश्याच्या खाली शिरले. पाच महिन्यांनी पाना हातात आला. काय सांगू, माहेरी गेल्यासारखं वाटलं. आधी अर्धा तास ट्रॅक्टर चालवून तेल कोमट केलं, म्हणजे गाळ घेऊन निघतं. लिफ्ट पूर्ण खाली सोडली, खालचा नट काढला. जे बाहेर आलं त्याला तेल म्हणायचं धाडस कुणी केलं नसतं. तात्या घमेलं धरून बसले होते. ते बघून त्यांचं तोंड असं झालं, जणू हौश्यालाच ताप आलाय.

“मी केलं का गं हे?”

“प्रेमानं केलंत, तात्या.”

जाळी धुतली, फिल्टर नवा घातला. यांनी मोटरसायकलवर पिंपळगावला जाऊन पुस्तकात लिहिलेलं तेल आणि नवं झाकण आणलं. तेवढ्यात भिकाजीकाका परत आले. ओट्यावर दोन डबे शेजारी शेजारी, त्यांचा आणि आमचा.

“तात्या, विचार कर,” काका म्हणाले. “हे नवं तेल बघ, पाण्यासारखं पळतंय. देवी बसायचीय वर. आणि सुनेच्या हातनं?” माणूस वाईट नव्हता हो. एका वर्षाचं हसू झेलून घाबरलेला होता.

तात्या दोन्ही डब्यांकडं बघत राहिले. मी खालून डोकं बाहेर काढलं. “काका, नळीनं ताक पिता येतं. श्रीखंड ओढून बघा बरं. पंपाला तेल ओढावं लागतं. जाड घातलं की तो उपाशी राहतो, आणि उपाशी पोटी कोण कुणाला उचलेल?”

तात्या हसले. आठवड्यात पहिल्यांदा. “ऐकलंस, भिकाजी? ताक आण.” आणि नवा डबा त्यांनी स्वतःच्या हातानं उघडला.

तेल भरलं, पट्टीवरच्या खुणेपर्यंत, एक थेंब जास्त नाही. लिफ्ट दहा वेळा वरखाली करून आतली हवा काढली, परत पट्टी बघितली, थोडं कमी होतं ते भरलं. नवं झाकण बसवलं. मक्याचं कणीस तात्यांनी खिशात ठेवलं. कशाला, ते मी विचारलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी घरात शस्त्रपूजा. पाटावर विळे, छाटणीच्या कात्र्या, नट सोडवायचे पाने, स्क्रू ड्रायव्हर. तात्यांनी सगळ्यांना गंध लावलं. मी मात्र लिंबाची फोड घेऊन मोरीत बसले होते. काळं निघेना. दुपारी आपट्याखाली अख्खं गाव जमलं, तशी मी बायकांच्या मागं उभी राहिले, हात पदराखाली.

हौश्या झेंडूनं मढला होता. तात्यांनी लिव्हर ओढला. मंच एका दमात, गचका न देता वर. नामाबुवांनी पानं तोडली, देवीला वाहिली. टाळ सुरू झाले.

भिकाजीकाका काय करतायत म्हणून बघितलं, तर त्यांनी मंचाशेजारी एक ऊस रोवला होता आणि मंचाच्या उंचीला त्यावर दोरा बांधला होता! पहिली आरती. सगळं गाव देवीकडं कमी आणि दोऱ्याकडं जास्त बघतंय. दुसरी. तिसरी आली, तात्यांनी डोळे मिटले. दोरा आणि फळी, एका रेषेत. चौथी. पाचवी. काकांनी खाली वाकून, चष्मा वर करून बघितलं आणि ओरडले, “केसभर नाही! केसभर उतरली नाही!”

काय गलका झाला! हलगीवाला नाचायला लागला, तात्यांनी स्टिअरिंगलाच मिठी मारली. बुवा वरूनच म्हणाले, “थांबा रे, गुडघ्याला बरं वाटतंय इथं. अजून दोन म्हणू.” आणि दोन आरत्या जास्तीच्या म्हटल्या. तरी हौश्या हलला नाही.

“कुणाकडनं करून घेतलं, तात्या?” एकानं विचारलं. “मिस्त्री तर दसऱ्यानंतर येतो.”

मी पुढच्या बाईच्या पाठीमागं सरकले. तात्या काही बोलायच्या आतच भिकाजीकाका म्हणाले, “त्यांच्या सुनेनं. मी होतो ना तिथं.” आणि भर गर्दीत मला विचारलं, “वैजूबाई, उद्या आमच्याकडं याल का? आडनाव परत पाहिजे मला माझं.”

सगळी माणसं हसली. बायकांनी वळून माझ्याकडं बघितलं. मी पदर आणखी घट्ट ओढला.

घरी आलो तेव्हा आत्याबाई दारात औक्षणाचं ताट घेऊन उभ्या होत्या. हौश्याला ओवाळलं, तात्यांना ओवाळलं. मग मला म्हणाल्या, “हात काढ बाहेर.”

“आत्याबाई, अजून काळेच आहेत.”

“काढ म्हणते ना.”

मी हात पुढं केले. शेजारपाजारच्या पाच-सहा बायका बघत होत्या, आणि त्यांच्यादेखत आत्याबाईंनी माझ्या दोन्ही हातांना हळदकुंकू लावलं. कपाळाला नंतर.

मग ताट माझ्याकडं देऊन त्या गोठ्याकडं गेल्या आणि तो तवा घेऊन आल्या. तेलाचे डाग तसेच होते. शस्त्रांच्या पाटावर पाने होते, त्यांच्या मधोमध जागा करून तवा ठेवला, गंध लावलं, दोन अक्षता टाकल्या.

“अहो, तवा शस्त्र असतं का?” तात्या म्हणाले.

“तुमची अब्रू कशानं राहिली?” आत्याबाई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. “भाकरीला नवा तवा आणू आपण. हा तुझा.”

संध्याकाळी मी सोनं द्यायला म्हणून आईला फोन लावला. ती घाबरून म्हणाली, “काय झालं गं? परत पाठवतायत का?”

“नाही गं,” मी म्हटलं. “ते लिंबू आता लोणच्याला घाल.”